रोज क्रीम लावूनही पाय उलतात? क्रीम बदलण्याआधी आंघोळ तपासा

दिवाळीचे डबे रिकामे व्हायला लागले की आमच्या नाशिकच्या मेडिकलमध्ये एकच तक्रार सुरू होते. "मागच्या वेळचं क्रीम काही कामाचं नाही, दुसरं चांगलं काहीतरी द्या." पँट जरा वर सरकवून दाखवतात. नडगीवर पांढरट पापुद्रे, नखाने ओढलेल्या पांढऱ्या रेघा, कुठेकुठे खाजवून आलेली लाली. सकाळी लावलं की दहा वाजेपर्यंत बरं वाटतं, दुपारी पुन्हा खरखरीत. यंदा एक कंपनी, पुढच्या वर्षी दुसरी, आणि पायांची अवस्था तीच.

इतकी वर्षं काउंटरवर उभं राहून माझं मत पक्कं झालंय की यात क्रीमचा दोष फार थोड्या वेळा असतो. गडबड बहुतेक वेळा आंघोळीत असते. त्यानंतर क्रीम लावण्याच्या वेळेत, मग मात्रेत, आणि सगळ्यात शेवटी क्रीमच्या प्रकारात. तपासणी याच क्रमाने केली तर निम्म्या लोकांना नवीन काही विकत घ्यावंच लागत नाही.

आधी हवेचं समजून घेऊ, कारण आपल्याकडे त्रास थंडीपेक्षा कोरडेपणाचा जास्त आहे. नाशिक, पुणे, नगर, संभाजीनगर या पठारी भागात डिसेंबरमध्ये पहाटे पारा १० अंशांवर असतो आणि दुपारी २८ वर जातो. थंड हवेत बाष्प मावतं कमी. पहाटे दव पडलेलं दिसतं म्हणून हवा ओलसर वाटते, पण तीच हवा दुपारी तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता जवळपास तिप्पट होते आणि बाष्प मात्र तेवढंच राहतं. म्हणजे पहाटे १०० टक्के असलेली आर्द्रता, नवीन बाष्प आलं नाही तर, दुपारी साधारण एक तृतीयांशावर येते. ही तहानलेली हवा कातडीतलं पाणी ओढून घेते. म्हणून सकाळी थंडी वाजत असताना पाय ठीक आणि दुपारी उन्हात बसल्यावर खाज, असं होतं. मुंबईत समुद्रावरून ओलावा येत राहतो, त्यामुळे तिथे एरवी एवढा त्रास नसतो. जमिनीवरून येणारे कोरडे वारे सुटले की मात्र तिथेही ओठ उलतात.

हवा आपण बदलू शकत नाही. पण कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात, मृत पेशींच्या मधल्या फटींत, स्निग्ध द्रव्यं असतात. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड अशी त्यांची नावं. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं हे त्यांचं काम. ही द्रव्यं शाबूत असतील तर दुपारची हवाही सोसते. आणि नेमकी तीच आपण रोज सकाळी बादलीभर कढत पाण्याने आणि साबणाने धुऊन टाकतो.

आंघोळीचं पाणी आणि साबण

हिवाळ्यात गिझर पूर्ण वर, गावाकडे बंबाचं वाफाळतं पाणी, आणि बाहेर यावंसं वाटत नाही म्हणून पंधरा-वीस मिनिटं आत. पाणी किती गरम हे मोजायला थर्मामीटर नको. तान्ह्या बाळाच्या पाण्यात कोपर बुडवून बघतात, तसंच स्वतःच्या बादलीत बघा. कोपराला चटका बसला तर ते पाणी अंगावर घेण्याजोगं नाही. आंघोळीनंतर पाठ आणि मांड्या लालसर दिसत असतील तरीही तेच. वेळ पाच ते दहा मिनिटं पुरे.

घरातली वडीलधारी माणसं यावर लगेच नाही म्हणतात, आणि त्यांचं कारण खरं आहे. गुडघे आखडलेले असतात, कोमट पाण्याने हुडहुडी भरते. त्यांच्याशी वाद घालू नका. आंघोळीची वेळ पहाटेवरून अकरा-बारावर न्या. न्हाणीघराची खिडकी आधी लावून घ्या, दोन मिनिटं गरम पाणी सोडून आतली हवा उबदार करा आणि मग बादलीत थंड पाणी मिसळा. उबेची गरज हवेतून भागली की पाण्याचा कढतपणा कमी करायला माणूस तयार होतो. गुडघ्यांना शेक हवा असेल तर रबरी पिशवीने वेगळा द्या.

आता साबण. कातडीचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल. आपल्या नेहमीच्या वडीचा ९ ते १०, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. लोक वडीच्या पुठ्ठ्यावर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध द्रव्याच्या टक्केवारीचा आकडा बघतात, ते चांगलं आहे. ७६ टक्क्यांच्या वर असेल तर पहिल्या प्रतीचा साबण, ७० आणि ६० या खालच्या प्रती, आणि 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर तो टॉयलेट सोपमध्ये मोडतच नाही. पण टीएफएम जास्त म्हणजे सौम्य, ही समजूत अर्धवट आहे. प्रत सुधारते, पीएच अल्कधर्मीच राहतो. ज्यांचे पाय दरवर्षी उलतात त्यांनी हिवाळ्यापुरता साबणविरहित क्लिन्झिंग बार किंवा लोशन घ्यावं. फेस कमी येतो, सुरुवातीला अंग स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, पण आठवड्यात सवय होते. खर्च नको असेल तर आहे तोच साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना लावा. नडग्या, हात, पाठ यांना घाम आणि धूळ नसेल तर नुसतं पाणी पुरतं.

हे पटत नसेल तर स्वतःच्याच पायांवर बघा. दहा दिवस उजव्या नडगीला साबण लावायचा, डाव्या नडगीला नाही. पाणी तेच, क्रीम तेच, टॉवेल तोच. मग दुपारी दोन्ही नडग्यांवर नखाने हलकी रेघ ओढायची. जिथे रेघ ठळक पांढरी उमटते आणि भुकटी सुटते तो पाय कोरडा. मी हे ज्यांना करायला सांगते त्यांना फरक समजावून सांगायची वेळ सहसा येत नाही.

बोअरवेलचं पाणी असेल तर आणखी एक भानगड. क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही, म्हणून आपण जास्त चोळतो, आणि साबण व क्षार मिळून तयार झालेला चिकट थर अंगावर राहतो. बादलीच्या कडेला जी पांढरी रेघ धरते ती याच थराची. कातडीवरही तो बसतो आणि खाज सुटते. इथे साबणविरहित बारचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, कारण त्याचा असा थर होत नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या मऊ पाण्याचे घेता आले तर उत्तम.

उटण्याबद्दल दरवर्षी विचारतात. नरकचतुर्दशीला आधी तेल जिरवायचं आणि मग उटणं लावायचं, हा क्रम विनाकारण नाही. उटण्यातली मुलतानी माती, मसुराचं पीठ, संत्र्याची साल ही तेल शोषून घेणारी द्रव्यं आहेत. अंगावर तेल असेल तर ती तेल घेतील, नसेल तर कातडीचं स्वतःचं घेतील. उरलेली उटण्याची पुडी संपवायची म्हणून डिसेंबरभर साबणाऐवजी कोरडं उटणं चोळणं हे मी दर वर्षी थांबवायला सांगते. दुधात किंवा सायीत कालवून महिन्यातून एकदा लावलं तर हरकत नाही. घासणी, लूफा हिवाळ्यात खुंटीवरच राहू द्या.

कधी लावता आणि किती लावता

अंग खसाखसा पुसून, कपडे घालून, पूजा आटोपून, चहा घेऊन मग क्रीम. तोवर अर्धा तास गेलेला असतो. आंघोळीत कातडीने घेतलेलं पाणी एवढ्यात उडून जातं आणि जाताना आतलंही थोडं घेऊन जातं. क्रीमचं काम ते पाणी अडवणं आहे. अडवायला पाणीच उरलं नाही तर क्रीम वरच्यावर बसतं आणि दुपारी पुन्हा तेच. टॉवेलने टिपून घ्या, कातडी दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत लावा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाटली ड्रेसिंग टेबलवरून उचलून न्हाणीघरात ठेवायची. हा एवढा बदल केला आणि जुनंच क्रीम चालायला लागलं, असं सांगायला परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

मात्रेबद्दल लोकांचा अंदाज फार चुकतो. मोठ्या माणसाला एकदा सर्वांगाला क्रीम नीट लावायचं तर २० ते ३० ग्रॅम लागतं. म्हणजे १०० मिलीची बाटली खरंतर तीन ते पाच दिवसांची, आणि आपण ती दोन महिने पुरवतो. म्हणून महाग, सुगंधी, छोटी बाटली घेण्यापेक्षा साधं आणि मोठं पॅक घ्या. लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिन असलेली बिनवासाची क्रीम जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात आणि काम चोख करतात. पैसे कमी असतील तर सर्वांगाचा हट्ट सोडा. नडग्या, कोपराखालचे हात आणि कंबरेच्या बाजू एवढ्यावर भरपूर लावा, कारण नडगीवर तैलग्रंथी फारच थोड्या असतात आणि सगळ्यात आधी तीच उलते.

मग क्रीम कोणतं

पंपातून येणाऱ्या पातळ लोशनमध्ये पाणी जास्त, तेल कमी. पावसाळ्यात ते बरं, पठारावरच्या जानेवारीत अपुरं. डबीतलं घट्ट क्रीम त्याहून चांगलं, आणि मलम किंवा पेट्रोलियम जेली सगळ्यात पक्की. पण जेली स्वतः पाणी देत नाही, फक्त अडवते. म्हणून ती कोरड्या कातडीवर चोळली तर चकाकी येते, मऊपणा येत नाही. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. मात्र नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत चिकट होतं आणि त्यावर काही झाकण नसेल तर फायदा टिकत नाही. दमट अंगावर ग्लिसरीन असलेलं क्रीम आणि फार उलणाऱ्या जागी वरून जेलीचा पातळ हात, ही जोडी मी सगळ्यात जास्त वेळा सुचवते. कोरफडीची जेल नुसतीच लावणाऱ्यांनीही वरून काहीतरी स्निग्ध लावावं, नाहीतर ती वाळून कातडी ताणते.

खोबरेल तेल चालेल का? चालेल, आणि अनेकांना ते पुरतं. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून बाटली आंघोळीच्या गरम पाण्यात दोन मिनिटं उभी करायची आणि ओल्या अंगावर चोळायचं. आंघोळीआधी लावून साबणाने धुऊन टाकलं तर मालिशचा आनंद मिळतो, कातडीला फार काही उरत नाही. मोहरीचं तेल मात्र कोरड्या, उललेल्या कातडीवर नको. ते झोंबतं आणि वरचा थर भरून येण्यात अडथळा आणतं. तान्ह्या बाळांना तर नकोच.

एक सावधगिरी सांगते, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पॅराफिन किंवा तेल मुरलेली कपडे-पांघरुणं लवकर पेट घेतात. क्रीम लावून शेकोटीजवळ, विडी ओढत किंवा गॅसपाशी शाल पांघरून बसू नका. आणि तेलाच्या पायांनी फरशीवर घसरून पडणं म्हाताऱ्या माणसांना फार महागात पडतं. लावून झालं की सुती मोजे घाला.

टाचा

तळपायाला तैलग्रंथीच नसतात आणि तिथली कातडी जाड. कोरडी पडली की ती लवचीकपणा गमावते आणि चालताना वजन आलं की चिरते. खेड्यात याला जळवात म्हणतात. इथे साधं लोशन काहीच करत नाही. रात्री कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवायचे, वज्रीने हलक्या हाताने मऊ झालेला थर काढायचा, टिपून युरिया असलेलं क्रीम लावायचं आणि मोजे घालून झोपायचं. साध्या कोरडेपणाला १० टक्के युरिया पुरतो, जाड टाचांना २० ते २५ लागतो. वज्री आठवड्यातून एक-दोनदाच, क्रीम मात्र रोज. भेग ओली असेल, रक्त येत असेल तर वज्री नको आणि युरियाही झोंबेल. आधी जेली भरून, पट्टी बांधून चार दिवस ती बुजू द्या. मागून उघड्या चपला आणि थंड फरशीवर अनवाणी चालणं हेही सोडा, नाहीतर रात्री केलेलं दिवसा वाया जातं.

कोकणातून कोणी येणार असेल तर मुठेल मागवा. कोकमाच्या बियांपासून काढलेला हा घट्ट, फिकट गोळा अंगाच्या उष्णतेच्या जवळपास वितळतो. पळीत जरासा गरम करून भेगेत सोडला की तिथेच घट्ट होऊन बसतो. जुन्या लोकांचा हा उपाय खरोखर गुणकारी आहे. याउलट बिब्बा तापवून भेगांवर लावण्याचा जो प्रकार आहे, तो कृपा करून करू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि उतला तर सगळ्या अंगावर पसरतो. मधुमेह असलेल्यांनी टाचांच्या भेगांवर घरी काहीही कापू-खरवडू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखम कळतच नाही. थेट डॉक्टरांना दाखवा.

ओठांचं थोडक्यात: जीभ फिरवणं बंद, कापूर-मेंथॉलचा थंडावा देणारा बाम बंद, साधी पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा. ओठांच्या कोपऱ्यात चिरा आठवड्यानंतरही राहिल्या तर ते थंडीचं नाही, दाखवून घ्या. भांडी घासणाऱ्या हातांना रबरी हातमोजे, आत सुती, आणि प्रत्येक धुण्यानंतर क्रीम.

चेहरा

तरुण मंडळींचा चेहरा हिवाळ्यात बिघडतो तो बहुतेक वेळा उन्हाळ्यातलीच दिनचर्या चालू ठेवल्याने. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश दोनदा, रात्री रेटिनॉल, मध्ये एखादं स्क्रब. मग गाल झोंबतात, साधं क्रीमसुद्धा चुरचुरतं, आणि त्यावर आणखी एक सीरम येतं. चुरचुर सुरू झाली की दोन आठवडे सगळी अ‍ॅसिडं, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी बंद. सौम्य फेसवॉश फक्त रात्री, सकाळी नुसतं पाणी, आणि घट्ट साधं क्रीम. शांत झाल्यावर रेटिनॉल आठवड्यातून दोनदा, क्रीमच्या वर. डॉक्टरांनी मुरुमांसाठी औषध दिलेलं असेल तर त्यांना विचारून कमी करा. सनस्क्रीन मात्र सोडू नका. "थंडीने काळवंडले" असं जे म्हणतो, त्यात गच्चीवर, हुरड्याच्या शेतात आणि ऑफिसबाहेर खाल्लेलं कोवळं वाटणारं ऊन बराच वाटा उचलतं. एसपीएफ ३० आणि वर, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी.

सगळं नीट करूनही थांबत नसेल तर

आंघोळ, वेळ, मात्रा, क्रीम हे सगळं दोन आठवडे पाळलं आणि तरी फरक नाही, तर तो कोरडेपणा नाही असं धरून चला.

नाकाच्या कडेला, भुवयांत, कानामागे पिवळट, तेलकट पापुद्रे आणि डोक्यात कोंडा असेल तर तो कोंड्याचाच प्रकार आहे, आणि थंडीत तो वाढतो. लोक त्याला कोरडेपणा समजून तेल थापतात. त्यातली बुरशी तेलावर जगते, म्हणून तो आणखी फोफावतो. इथे तेल बंद करून केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा.

खाज रात्री अंथरुणात असह्य होते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या आहेत आणि घरात आणखी कोणालाही खाज आहे, तर खरूज. एका पांघरुणात झोपण्याच्या दिवसांत ती घरभर पसरते. सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर फिरून येते. गोल, कडेने लाल, मधून निवळलेला चट्टा असेल तर गजकर्ण. आणि वयस्क माणसाच्या नडगीवर कातडीला तडे जाऊन लाल जाळी दिसत असेल तर तो कोरडेपणातून झालेला एक्झिमा. तिथे नुसतं क्रीम पुरत नाही, डॉक्टर थोड्या दिवसांचं औषध देतात. उन्हाळा आला तरी कोरडेपणा जात नाही, सोबत थकवा, वजन वाढणं, केस गळणं असेल तर थायरॉईड तपासा. पुरळ काहीच नाही आणि सर्वांगाला सतत खाज असेल तर साखर, मूत्रपिंड, यकृत यांच्या चाचण्या करायला हव्यात.

यातल्या कशावरही "ती खाजेची ट्यूब द्या" म्हणून काउंटरवर मागू नका, आणि मिळाली तरी घेऊ नका. स्टेरॉइड, अँटीबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या या ट्यूबा दोन दिवसांत खाज थांबवतात, म्हणूनच लोक त्यांच्या प्रेमात पडतात. गजकर्णावर लावल्या तर तो आत दबून चहूकडे पसरतो आणि ओळखूही येत नाही. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्या तर कातडी पातळ होते, लाल होते, सोडली की भडकते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी नावं ट्यूबवर दिसली तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत. २०१८ मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीच्या यादीत घातलं ते याच नुकसानीमुळे. मैत्रिणीच्या घरातली अर्धी ट्यूब आणून लावायची ही वस्तू नाही.

थंडी सरली की हे सगळं हळूहळू उतरवायचं, हे मात्र विसरू नका. महाशिवरात्रीच्या आसपास दुपारी घाम यायला लागतो. त्यानंतरही जाड मलम आणि तेल चालू ठेवलं तर मांड्यांवर, नडग्यांवर केसांच्या मुळाशी लाल पुळ्या येतात, पाठीवर घामोळं येतं. तेव्हा आधी जेली बंद करा, मग घट्ट क्रीमऐवजी पातळ लोशन घ्या. टाचांचं युरिया क्रीम आठवड्यातून दोनदा चालू राहू द्या, म्हणजे पुढच्या कार्तिकात भेगांशी नव्याने झगडावं लागणार नाही.